पेटी संपेपर्यंत

आंब्याची पेटी पायांत धरून रत्नागिरीहून बोरिवली गाडीनं येणं म्हणजे काय असतं, ते ज्यानं भोगलंय त्यालाच ठाऊक. पाय लांब करता येत नाहीत, आखडता येत नाहीत, आणि शेजारचा माणूस दर थांब्याला विचारतो, "हापूस काय?" नीरज शिवलकरचे पाय महाडच्या आधीच बधिर झाले होते. पण स्वारी खुशीत होती. खिडकीशी त्याची लेक बसली होती, सात वर्षांची मृणालिनी, घरची मृणू. आईशिवाय, आजीशिवाय, एकट्या बापाबरोबर मिरा रोडला राहायला ती पहिल्यांदाच निघाली होती.

पेटी दिली होती आजीनं, म्हणजे नीरजच्या सासूबाईंनी. जावयाच्या मायेनं दिली म्हणावं, तर आनंदीबाई जावयाशी 'आलात? बसा' यापलीकडे बोलत नसत. पेटी नातीची होती. स्टँडवर मृणूच्या केसांना पिन लावता लावता त्यांनी तिला बजावलं, "घरच्या कलमाचे आहेत हो. पेटी कॉटखाली ठेवायची, आतल्या पेंढ्यात नीट आढी घालायची. रोज सकाळी हात फिरवून बघायचं. डाग पडलेला आधी काढायचा, वास सुटलेला मग. आणि पेटी संपली की बाबा तुला परत आणून सोडतील. काय?"

"पेटी संपली की," मृणूनं मान हलवली.

नीरजनं ते ऐकलं आणि हसला. कोकणात यात नवल काही नाही. मे महिन्यात तिकडे कॅलेंडर बघतो कोण? पाहुणे आढी लागली की येतात आणि आढी संपली की जातात.

पण त्याच स्टँडवर, गाडी सुटायच्या आधी, संपदानं त्याला बाजूला घेतलं होतं. संपदा म्हणजे त्याची बायको. कागदावर अजून बायकोच, बाकी काय उरलं होतं ते दोघांनाही सांगता आलं नसतं. ती म्हणाली, "शाळा उघडेपर्यंत ठेवायची असेल तिला, तर माझी ना नाही. पण तिनं स्वतःहून मला सांगायला हवं, आई मला इथं राहायचंय म्हणून. तुझ्या तोंडून नको, तिच्या तोंडून. नाहीतर पेटी संपली की आणून सोड."

"म्हणेल की," नीरज म्हणाला. "न म्हणायला काय झालं?"

न म्हणायला काय झालं! वा रे बाप! अहो, मृणू तीन वर्षांची असताना संपदाला रत्नागिरीत एका लॅबमध्ये कायमची नोकरी लागली. ती म्हणाली, तूही ये, तिकडे बघ काहीतरी. हा म्हणाला, सहा महिने दे. वरसावे पुलाजवळच्या गोदामात तो सुपरवायझर होता, बढती तोंडावर आली होती. ते सहा महिने संपले तेव्हा म्हणाला, दिवाळीनंतर. दिवाळीनंतर म्हणाला, मार्च जाऊ दे. बढती झाली, तिलाही जमाना झाला, आणि याचं 'येतो येतो' काही संपेना. नोकरी सुटत नव्हती हे खरं होतं, पण खरं तेवढंच नव्हतं. संध्याकाळी घरी यावं, चप्पल कुठेही काढावी, कुणाला उत्तर द्यायला लागू नये, याची त्याला चटक लागली होती. ही गोष्ट त्यानं कुणाला सांगितली नव्हती, पण संपदाला न सांगता कळली होती. मग एक दिवस फोनवर मृणू त्याला 'तुम्ही' म्हणाली. आईला तू, आजीला तू, आणि बापाला तुम्ही. त्या दिवशी त्याची चटक उतरली, पण तोवर व्हायचं ते होऊन बसलं होतं.

तेव्हा ही सुट्टी म्हणजे त्याला मिळालेली एक संधी होती, आणि ती त्यानं डोळ्यांत तेल घालून जपायची ठरवली होती. काशीमिऱ्याला उतरल्यावर रिक्षात बसताना त्यानं पेटी आधी आत ठेवली, मग लेकीला उचलून घेतलं. ती एवढी मोठी झाली होती की उचलताना त्याच्या कमरेत कळ आली.

घरी तयारी जय्यत होती. गुलाबी चादर, गुलाबी उशी, एक गुलाबी बाटली. मृणूनं सगळं बघितलं आणि "छान आहे" म्हणाली. गुलाबी तिला दोन वर्षांपूर्वी आवडायचा, हे संपदानं फोनवर सांगितलं तेव्हा उशीर झाला होता. पोरीनं तोंडानं चकार शब्द काढला नाही. रात्री झोपली, सकाळी उठून चादरीची चौकोनी घडी घालून ठेवली.

"बाबा, मी पाणी घेऊ?"

"घे की."

"बाबा, मी फ्रिज उघडू?"

"अगं उघड ना."

"बाबा, पंखा लावला तर चालेल?"

नीरज तर भारावूनच गेला. काय वळण लावलंय पोरीला! समोरच्या दारातल्या हंसाबेननी गालाला हात लावून म्हटलं, "नीरजभाई, कितनी डाही छोकरी है आपकी!" डाही म्हणजे शहाणी, हे कळून याची छाती फुगली. आता बापाला कोण सांगणार, की आपल्या घरात पाणी प्यायला कुणी विचारत नाही, विचारतो तो पाहुणा? त्याला ते दिसत होतं, पण बघायचं नव्हतं.

रजा त्यानं भरपूर टाकली होती. रोज कुठेतरी जायचं. घोडबंदरचा किल्ला दाखवला, तर तटावरून खाडीकडे बघत ती म्हणाली, "आमचा रत्नदुर्ग मोठा आहे." उत्तनला समुद्र दाखवला, तर वाळत घातलेल्या मासळीचा वास घेऊन म्हणाली, "आमच्याकडे पण असाच येतो." नया नगरला फालुदा खाऊ घातला. तो मात्र तिला फार आवडला, आमच्याकडे असा मिळत नाही म्हणाली, आणि नीरजला किल्ला जिंकल्याएवढा आनंद झाला. रिक्षातून परतताना ती त्याच्या दंडाला टेकून बसली. सिग्नलवर रिक्षा थांबली तरी त्यानं हात हलवला नाही, उगाच ती सरळ बसली तर! एवढ्यातेवढ्यानं सुखावणारा हा माणूस, चार वर्षं कुठल्या बिळात बसला होता कोण जाणे.

आणि आंबे! सकाळी डोळे उघडले की मृणू कॉटखाली. पेंढ्यात हात घालून एकेक आंबा चाचपायची, नाकाशी धरायची, देठाशी अंगठ्यानं हलकंच दाबून बघायची, अगदी आजीसारखी. पिकलेले काढून ताटलीत ओळीनं मांडायची. मग दात घासले की एक, जेवताना दोन, चार वाजता एक, संध्याकाळी पुन्हा. नीरज फोडी करून द्यायचा, कोय चोखायला द्यायचा, तिची कोपरापर्यंत ओघळलेली रसाची धार बघत बसायचा. घरी दोघी मिळून हात आखडता घेत असणार, त्याच्या मनात यायचं. माझ्याकडे खा म्हणावं पोटभर.

संध्याकाळी संपदाचा फोन यायचा. नीरज फोन स्पीकरवर टाकून शेजारी बसायचा, श्वास रोखून.

"मजा येतेय ना गं?"

"हो."

"काय केलंस आज?"

मृणू सगळं सांगायची. किल्ला, फालुदा, हंसाबेनकडचा कॅरम. आणि शेवटी न चुकता, "आंबे खाल्ले. आज पाच. आजीला सांग हं, पाच."

ते एक वाक्य मात्र येत नव्हतं. नीरज आडून आडून सुचवायचा, पुढच्या आठवड्यात आपण हे करू, ते करू, इथं शेजारी नाचाचा क्लास आहे. "बरं," ती म्हणायची. शहाणी पोर, कशाला नाही म्हणायची नाही. पण मला इथं राहायचंय, हे काही तिच्या तोंडून निघेना.

इकडे पेटी उतरत चालली. एका दुपारी मृणू हंसाबेनकडे खेळायला गेली असताना यानं वाकून कॉटखाली बघितलं. पेंढाच पेंढा, आंबे कोपऱ्यात मूठभर. दोन दिवसांत खेळ खलास. पुन्हा ती एस.टी., पुन्हा सासूबाईंचं 'आलात? बसा', आणि मग आठवड्यातून दोनदा फोन.

आणि तिथंच त्याला ती कल्पना सुचली. सुचली कसली, हाताला सवयच होती ती. गोदामात दिवसभर दुसरं काय करायचा तो? रॅक खाली दिसला की भर घालायची, गिऱ्हाइकाला संपल्याचं कळूच द्यायचं नाही. उठला, नया नगरच्या बाजारात गेला. हातगाडीवाला म्हणाला, "रत्नागिरी है साहब, एकदम असली." हा रत्नागिरीचा, याला साल बघूनच कळलं की हा माल कुठला कर्नाटकातून आलाय. पण आज त्याला अस्सल नकोच होता, हिरवा हवा होता. कडक, गर्द हिरवे आंबे त्यानं स्वतः निवडून घेतले. घरी येऊन पेंढ्यात खोल पुरले, वरून पेंढा सारखा केला, हात धुतले. मृणू आली तेव्हा साहेब बातम्या बघत बसले होते.

सकाळी कॉटखालून आवाज आला. "बाबा."

"काय गं?"

ती गुडघ्यांवर मागे सरकत बाहेर आली. केसांत पेंढ्याची काडी, हातात एक आंबा. "हा आजीचा नाही वाटत."

आता बघा, इथं माणसाला मागे फिरायला जागा होती. हसून म्हणता आलं असतं, पकडलंस गं, बाजारातून आणलाय. पोर हसली असती, तिथल्या तिथे मिटलं असतं. पण नीरज म्हणाला, "आजीचाच आहे. दुसऱ्या कुणाचा असणार?"

मृणूनं आंब्याचा पुन्हा वास घेतला. मग बापाच्या तोंडाकडे बघितलं. मग "बरं" म्हणाली आणि आंबा परत पेंढ्यात ठेवला.

त्या दिवशी तिनं सहा आंबे खाल्ले.

पुढे हा उद्योग वाढतच गेला. ती काढायची, हा घालायचा. पेटी होती तेवढीच. आत कुठेतरी त्याला टोचत होतं, नाही असं नाही. बाजारातून पिशवी लपवत जिना चढताना वॉचमननं नुसतं "आम?" विचारलं तरी याचे कान गरम व्हायचे. पण मग तो मनाची समजूत घालायचा. कुणाचं काय बिघडतंय? पोर आवडीनं खातेय, आठ दिवस जास्त राहील, तेवढ्यात माया लागेल, तेवढ्यात म्हणेल. बापानं लेकीला आंबे खाऊ घालणं हा काय गुन्हा आहे?

मृणूच्या कपाळावर दोन फोड आले. मग मानेवर. खेळायला जायला नको म्हणू लागली. ताटात आंब्याच्या फोडी घेऊन बसायची आणि एकेक तोंडात कोंबायची, घोटभर पाणी प्यायची, पुन्हा एक. एकदा खाता खाताच तिनं बोटांवर मोजायला सुरुवात केली.

"बाबा, मला वजाबाकी येते ना?"

"फर्स्ट क्लास येते."

"मग पेटीत एवढे कसे उरले? आजीनं मला मोजून दाखवले होते."

"आजीचं मोजताना चुकलं असेल," नीरज म्हणाला. "वय झालंय आता तिचं."

केवढा हा कोडगेपणा! आपलं पाप त्या म्हातारीच्या डोक्यावर! म्हणताना त्याचं त्यालाच कसंतरी झालं. ताटातली उरलेली फोड मृणूनं डोळे मिटून गिळली. ते त्यानं बघितलं, आणि तरी त्याच्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी पोर भडाभडा ओकली. पोट धरून मोरीतच बसली. अंग गरम, ओठ सुकलेले. नीरजनं समोरचं दार ठोठावलं. हंसाबेन धावत आल्या, तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "अरे कितना आम खिलाया? पूरी गरमी निकली है बच्ची को. पहले डॉक्टर के पास ले जाओ." तिला खांद्यावर टाकून तो रिक्षानं दवाखान्यात गेला.

डॉक्टरबाई वयस्क होत्या, मराठीच. पोट दाबून बघितलं, जीभ बघितली, मानेवरचे फोड बघितले. "आंबे किती खाते रोज?"

"पाच-सहा," नीरज म्हणाला. "कधी सात."

"सात? लहान पोर आहे हो ही! आता आठवडाभर आंबा पूर्ण बंद. ताक-भात, शहाळ्याचं पाणी, बाकी काही नाही."

आणि मृणूनं भोकाड पसरलं. इतके दिवस जिनं हूं की चूं केलं नव्हतं ती पोर, टेबलावर आडवी पडल्या पडल्या हुंदके द्यायला लागली. नीरज कानकोंडा होऊन हसला. "बघा ना डॉक्टर, आंब्यासाठी नुसता जीव टाकते."

"मला आंबे नकोयत!" मृणू ओरडली. "मला त्याचा वास पण नको वाटतो!"

डॉक्टरबाईंनी तिच्या कपाळावरचे केस मागे सारले. "नकोयत ना? मग रडायचं कशाला, बाळा? आता खायचेच नाहीत."

"मग पेटी कशी संपणार?" तिला धड बोलताही येत नव्हतं. "मी रोज खाते तरी ती संपतच नाही. आजी म्हणाली पेटी संपली की घरी. आठवडाभर बंद केले तर मी आईकडे कधी जाणार?"

डॉक्टरबाईंनी चष्म्यावरून नीरजकडे बघितलं. नीरज भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत राहिला, त्यातलं एक अक्षर त्याला वाचता आलं नाही. आवडीनं खातेय म्हणून जे तो कौतुकानं बघत बसला होता, ती तिची घरी जायची धडपड होती. पोटात मावत नव्हतं तरी पोर एकेक आंबा रिचवून आईच्या दिशेनं सरकत होती, आणि हा रोज तिला मागे ओढत होता. स्वतःच्या हातानं फोडी करून देऊन. त्याला वाटलं, कुणीतरी आपल्या मुस्कटात मारावी, सगळ्यांदेखत.

रिक्षात ती त्याच्या मांडीवर झोपून गेली. औषधानं अंग निवत होतं. तिच्या नखांत अजून आंब्याचा पिवळा रंग होता. वाटेत नया नगरच्या तोंडाशी तोच हातगाडीवाला दिसला, यानं तोंड फिरवून घेतलं.

दुपारी ती उठली, ताक-भात चार घास खाल्ला. मग नीरज कॉटपाशी जमिनीवर बसला आणि पेटी बाहेर ओढली.

"मृणू, ऐक. आजीचं मोजताना चुकलं नव्हतं. तुझी वजाबाकीही चुकली नाही. आंबे मी आणून टाकत होतो, तू खेळायला गेलीस की."

त्याला वाटलं होतं ती रडेल, चिडेल, फोन लाव आईला म्हणेल. ती म्हणाली, "मला वास वेगळा येत होता."

"हो गं."

"पण तुम्ही म्हणालात आजीचाच आहे. मग मला वाटलं, मला सर्दी झालीये."

पोरीनं स्वतःच्या नाकावर अविश्वास दाखवला होता, बापावर नाही. चार वर्षांत ज्यानं दिलेला एक शब्द पाळला नाही, त्या बापावर!

"का टाकत होतात?" तिनं विचारलं.

"तू जाऊ नयेस म्हणून."

तिनं त्यावर नीट विचार केला. "मग मला सांगायचं ना."

"सांगितलं असतं तर राहिली असतीस?"

पेंढ्याची एक काडी घेऊन तिनं तिचे बारीक तुकडे केले. तिला खोटं बोलता येत नव्हतं, ते एक बरं होतं, बापावर गेली नव्हती. "नाही," ती हळूच म्हणाली. "पण आंबे कमी खाल्ले असते."

नीरजला हसू आलं आणि त्याच वेळी डोळ्यांत पाणी आलं. त्यानं नाक पुसलं. "चल, पेटी संपवू. न खाता."

दोघं मिळून पेंढा उपसायला बसले. मृणू एकेक आंबा नाकाशी धरायची. "हा तुमचा. हा पण तुमचा. हा तुमचा." बाजारातला एकही तिच्या नाकातून सुटला नाही. तिच्या बाजूला ढीग वाढत गेला. तळाशी, अगदी कोपऱ्यात, पेंढ्यात दडून राहिलेला एक निघाला. तो तिनं बराच वेळ हुंगला. "हा आजीचा," ती म्हणाली आणि तो वेगळा ठेवला.

बापाचे आंबे वाटायला दोघं बाहेर पडले. हंसाबेनना दिले, खालच्या मजल्यावरच्या वासंतीकाकूंना दिले, वॉचमनला दिले, दोन इस्त्रीवाल्याला दिले. प्रत्येक दारात मृणू पिशवी पुढे करून गंभीरपणे सांगत होती, "हे रत्नागिरीचे नाहीत हं. बाजारातले आहेत." नीरज तिच्या मागे मान खाली घालून उभा राहायचा. वासंतीकाकू हसून म्हणाल्या, "काय बाई प्रामाणिक पोर! कुणावर गेली?" यानं नुसतं "आजीवर" म्हटलं.

संध्याकाळी फोन आला तेव्हा त्यानं स्पीकर लावला नाही. गॅलरीत गेला. आंब्यांचं, ओकारीचं, डॉक्टरचं, सगळं सांगितलं, काही हातचं राखलं नाही.

"बरी आहे ना आता?" संपदानं विचारलं.

"बरी आहे. उद्या निघतो, आणून सोडतो तिला."

"ती म्हणाली का काही? राहायचं म्हणून?"

"नाही म्हणाली," नीरज म्हणाला. "मी विचारलं, तर नाही म्हणाली."

"बरं," संपदा म्हणाली. मग पुढे म्हणाली, "सावकाश या. गाडीत खिडकी दे तिला, नाहीतर तिला मळमळतं." ती ओरडली असती तर त्याला हलकं तरी वाटलं असतं.

आत आला तर मृणू पेटीपाशी बसली होती. पेटीत एकच आंबा. तिला खायचा नव्हता, डॉक्टरांनी बंद सांगितलं होतं. म्हणजे पेटी संपवायची ती त्यानंच. तो ताटली आणि सुरी घेऊन समोर बसला. तिनं आंबा उचलला, त्याच्या हातात द्यायला गेली आणि थांबली. त्याच्या लाल डोळ्यांकडे बघितलं. मग आंब्याचा वास घेतला, देठाशी अंगठा दाबला, अगदी आजीसारखा.

"हा कच्चाय अजून," ती म्हणाली. "दोन दिवस लागतील याला." आणि आंबा पुन्हा पेंढ्यात ठेवायला लागली.

खोलीभर त्याचा वास सुटला होता. साल केशरी झाली होती, देठाशी सुरकुती पडायला लागली होती. कोकणातल्या कुणाही माणसानं डोळे मिटून सांगितलं असतं. आणि नुकतंच ज्या पोरीला खोटं बोलता येत नाही असं त्याला वाटलं होतं, तिनं त्याच्यासाठी पहिलं खोटं बोलून दाखवलं होतं. दोन दिवस! तिनंच दिलेले, तिच्या तोंडून आलेले. नुसतं 'हो' म्हणायचं. संपदाही काही म्हणू शकली नसती.

नीरजनं हात पुढे केला. "आण इकडे."

"कच्चाय पण."

"नाही गं, पिकलाय. आज खाल्ला नाही तर वाया जाईल. आणि उद्या सकाळची गाडी आहे आपली."

"उद्याची?" तिचा चेहरा एकदम उजळला. मग तिच्याच लक्षात आलं तसं तिनं तो सारखा केला, आणि हे तिनं बापासाठी केलं, ते त्याला उजळण्याहून जास्त लागलं.

त्यानं आंबा कापला. पहिली फोड तोंडात घातली. घरच्या कलमाची ती चव किती वर्षांनी जिभेवर आली होती! मृणू समोर गुडघ्यांना मिठी मारून बसली होती आणि त्याच्याकडे बघत होती. त्यानं दुसरी फोड घेतली, ती गिळतानाच त्याला जोराचा ठसका लागला. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं, आणि ठसका थांबला तरी ते थांबेना.

"सावकाश खा ना बाबा," मृणू म्हणाली. ती उठली, स्वयंपाकघरात पळत गेली. फ्रिजचं दार उघडल्याचा आणि धाडकन लावल्याचा आवाज आला, मग ग्लासात पाणी ओतल्याचा. या वेळी तिनं त्याला काही विचारलं नव्हतं.